रस्त्याचा खांदा

वाक्य साधंच होतं. एक माणूस गाडी बाजूला घेतो आणि रस्त्याच्या 'शोल्डर'वर उभा राहून पाऊस ओसरायची वाट बघतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजीच्या तासाला सरांनी एक उतारा मराठीत करायला दिला होता, त्यातलं हे वाक्य. मी लिहिलं होतं, 'त्या माणसाने गाडी थांबवली आणि तो खांद्यावर उभा राहून पाऊस जाण्याची वाट पाहू लागला.'

लिहिताना मला ते खटकलं नव्हतं असं नाही. पण इंग्रजीतल्या पुष्कळ गोष्टी मला कळत नाहीत, आणि न कळणं ही माझीच उणीव असणार असं मी धरून चालते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. विचारायचं कुणाला, हे अजून नीट समजलेलं नाही. म्हणून मी तसंच लिहिलं आणि वही दिली.

सरांनी वाक्य मोठ्याने वाचलं, नाव न घेता. तरी माझे कान तापले, त्यावरून सगळ्यांना कळलंच असणार.

"कुणाच्या खांद्यावर गं?" माझ्या शेजारी बसणारी मुकुंदवाडीची मैत्रीण कुजबुजली.

मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, दहीहंडी असंल! श्रावण चालूय ना."

सगळा वर्ग हसला. मीसुद्धा हसले, कारण चित्र डोळ्यांसमोर आलं होतं. भर पावसात एकावर एक चढलेली माणसं, आणि सगळ्यात वर तो गाडीवाला, हात कपाळाला लावून आभाळाकडे बघतोय.

सरांनी हसू ओसरू दिलं. मग म्हणाले, "डांबराच्या बाहेरची जी मातीची, मुरमाची पट्टी असते, तिला शोल्डर म्हणतात. पण खांदाच का म्हणत असतील, हा प्रश्न चांगला आहे. आपण प्रत्येकाने एकेका शब्दावर थोडं बोलायचं ठरवलंय ना? तू हाच घे. अर्थ सांग, कुठून आला ते सांग. पोळा झाला की तुझी पाळी."

मी मान हलवली. पोळा झाल्यावर मी या वर्गात असेन की नाही, हे मला माहीत नव्हतं. ते सरांना सांगायचं धाडस झालं नाही.

*

आमचं गाव पैठण रस्त्यावर, चितेगावच्या कंपन्या मागे टाकून थोडं पुढे. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथल्याच एका कंपनीत कामाला आहेत. शेत आहे, ते माझे आजोबा बघतात. त्यांना आम्ही आबा म्हणतो. ट्रॅक्टर सगळ्यांकडे आले तरी आबांनी बैलजोडी विकली नाही.

रस्ता रुंद करायचं काम सुरू झालं आणि आमचा बसथांबा पुढे सरकला. पूर्वी गावच्या वाटेच्या तोंडाशीच बस थांबायची. आता पुढच्या फाट्यावर उतरून मोठ्या रस्त्याच्या कडेने बरंच मागे चालत यावं लागतं. आणि कड राहिलेलीच नाही. एका बाजूला डांबर तुटून कोर झालेली, तिच्याखाली गुडघाभर खोल चर, चरात गढूळ पाणी, मध्येच खडीचे ढीग. ढीग आला की डांबरावर चढायचं, मागून काही येत नाही ना बघायचं, पुढे जायचं आणि परत खाली उतरायचं.

उन्हाळ्यात आमच्या शेजारचे काका दूध घालून सायकलवर परत येताना अशाच एका ढिगापाशी गेले. मागून टेम्पो आला. मी तेव्हा परीक्षेच्या गडबडीत होते. घरी आले तेव्हा गल्लीत माणसं उभी होती, आणि आप्पा तिरडीच्या पुढच्या बाजूला, डाव्या खांद्यावर बांबू घेतलेले. ते माझ्याकडे बघत होते, पण मी त्यांना दिसत होते असं वाटलं नाही.

त्या दिवसापासून आप्पा माझ्या कॉलेजबद्दल बोलताना थांबत थांबत बोलायला लागले. आधी म्हणाले, पावसाळाभर नको जाऊ. मग एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, "बाहेरून परीक्षा देता येती म्हणं. घरी बसून अभ्यास कर. पेपरापुरतं जायचं."

"वर्गात बसल्याशिवाय मला इंग्रजी नाय जमायचं, आप्पा."

"इंग्रजी जमंल. तू आधी घरी आली पाहिजे." ते ताटाकडे बघत म्हणाले. "पोळा होऊ दे. मंग बघू."

माझा बसचा पासही पोळ्यानंतरच्या आठवड्यात संपत होता. नवीन पासासाठी कॉलेजचा शिक्का लागतो. मी तो अर्ज आणून पुस्तकात ठेवला होता, कोरा.

आप्पा चुकीचं बोलत होते असं मला म्हणता येत नव्हतं. भीती मलाही वाटायची. ट्रक जवळून गेला की ओढणी त्याच्या वाऱ्याबरोबर ओढली जायची, तेव्हा मी ती दोन्ही हातांनी धरून चराकडे सरकायचे. पण वर्गात बसायची मला सवय लागली होती. खिडकीजवळचा बाक, सर फळ्यावर लिहीत असताना खडूची उडणारी भुकटी, एखादा शब्द पहिल्यांदा कळतो तेव्हा आतून काहीतरी हलकं होतं ते. घरी बसून ते कसं होईल, मला माहीत नव्हतं.

*

शब्दाचं मूळ शोधायला मी वाचनालयात गेले. तिथे एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश आहे, दोन हातांनी उचलावा लागतो. 'शोल्डर' सापडला. अक्षरं बारीक, अर्ध्याहून जास्त शब्द संक्षेपात. फोनवर अर्थ बघत बघत मी हळूहळू पुढे सरकत होते.

शब्द फार जुना निघाला. इंग्रजीच्या आधीच्या इंग्रजीतला, आणि त्याच्याही आधीच्या, जर्मन भाषांच्या घराण्यातला. आधी तो फक्त माणसाचा आणि जनावराचा खांदा होता. मग डोंगराला खांदा आला, बाटलीला आला. रस्त्याला खांदा फार उशिरा मिळाला, गाड्या आल्यावर. मधला रस्ता म्हणजे डोकं-मान, आणि दोन्ही बाजूंना जरा उतरते खांदे, असं काहीतरी त्या लोकांना दिसलं असावं. पण त्या सगळ्याच्या मुळाशी, खांद्याला खांदा का म्हणतात तिथे, लिहिलं होतं की नक्की माहीत नाही.

मला आश्चर्य वाटलं. एवढ्या मोठ्या पुस्तकातही 'माहीत नाही' असं लिहितात. ते वाचून मी थोडी सैल झाले.

एके ठिकाणी मात्र एक अंदाज वाचायला मिळाला. फार पूर्वी लोखंड नव्हतं तेव्हा लोक मेलेल्या जनावराच्या खांद्याचं चपटं हाड माती खणायला, ओढायला वापरायचे. त्या फावड्यासारख्या हाडावरून खांद्याचं नाव पडलं असेल. असेल, किंवा नसेलही.

त्या दिवशी बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. काचेवर डोकं टेकलं की रस्ता कवटीत घुमतो. चितेगावच्या आसपास मला डुलकी लागली, आणि अर्धवट झोपेत मला आमचाच रस्ता दिसला. डांबर नव्हतं. ओली काळी माती होती, आणि तिच्या कडेला बायका बसल्या होत्या, हातात पांढरी चपटी हाडं घेऊन, चर भरत होत्या. कुणी बोलत नव्हतं. हाड मातीत शिरताना दह्यात चमचा शिरावा तसा आवाज येत होता. त्यांच्या पलीकडून शेजारचे काका सायकलवर जात होते, किटल्या वाजत होत्या, आणि त्यांना पुरेशी जागा होती.

जाग आली तेव्हा बस उभी होती आणि बाहेर खरंच दोन बायका फावड्याने मुरूम ओढत होत्या. लोखंडी फावडी. मला क्षणभर कुठलं खरं ते समजेना.

*

घरी ओट्यावर बसून मी पाठ करत होते. आई भाकरी थापत होती. आप्पा नुकतेच आले होते, पाय धुऊन भिंतीला टेकून बसले होते.

"शोल्डर," मी म्हणत होते. "द शोल्डर ऑफ द रोड."

"सोल्डर?" आप्पांनी डोळे उघडले. "आमच्या लाइनीवर करत्यात ते? तार जोडायचं?"

"ते नाय आप्पा. शोल्डर."

"तेच म्हणलो मी. कथिल वितळवत्यात, धूर निघतो. त्याचं काय शिकवत्यात कॉलेजात?"

ते खरंच उत्सुकतेने विचारत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांनी माझ्या अभ्यासातलं काही विचारलं होतं, त्यामुळे त्यांना चूक आहे म्हणायचं माझ्या जिवावर आलं. पण सांगितलं. "रस्त्याच्या साईडपट्टीला इंग्रजीत शोल्डर म्हणतात. शोल्डर म्हणजे खांदा. रस्त्याचा खांदा."

आईचा हात भाकरीवर थांबला.

"आता गं बया! दिवेलागणीला काय बोलू राहिली तू? रस्त्याच्या कडंला खांदा!" तिने डावा हात कपाळाला लावला. "तोंडाला काय आवर हाय का नाय? पुस्तकात असलं आसतंय व्हय?"

मग मला कळलं. माझ्या डोक्यात शब्दकोश होता. त्यांच्या डोक्यात उन्हाळ्यातली ती दुपार होती. आमच्या घरात त्या वर्षी 'खांदा' म्हटलं की एकच गोष्ट यायची, आणि तीही त्याच रस्त्यावरची.

आप्पा उठून बाहेर गेले. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा आईने ती घाईने उलटली. नंतर एवढंच म्हणाली, "दुसरा शब्द नाय का देत सर?"

*

पोळ्याच्या आधी आबांनी मला गोंडे आणायला सांगितले. "शहागंजात घे. लालच घे. गावातल्या दुकानात रबरासारखे आसत्यात."

मैत्रिणीला घेऊन शहरातल्या शहागंजच्या बाजारात गेले. दुकानात पोळ्याचं सामान छतापासून लोंबत होतं, झुली, घुंगरमाळा, बेगडाच्या पट्ट्या. दुकानदार चाचांनी एकेक काढून समोर टाकलं. मी प्रत्येक गोंडा हातात घेऊन परत ठेवत होते.

"बैलां कित्ते हैं बेटा?"

"दोन."

"दो बैलां के वास्ते इत्ता सोच रई? लोगां शादी का जोडा इससे जल्दी लेते."

"आजोबांनी लालच सांगितलेत."

"तो लाल-ईच लेको जाओ. बडे लोगां का बोलना सुनना." आणि त्यांनी घुंगरांची एक छोटी जोडी वरून टाकली. "ये मेरी तरफ से, बैलां को बोलना."

बाहेर पडल्यावर मैत्रीण म्हणाली, "बैलांना सांगशील ना नक्की? नाहीतर चाचांना वाईट वाटेल." मग एकदम गंभीर झाली. "पोळ्यानंतर येशील ना गं तू?"

"बोलायचंय ना मला, शोल्डरवर."

"मी ते नाही विचारलं."

आम्ही फुटपाथच्या कडेने चालत होतो. तिथे दगड पिवळे-काळे रंगवलेले आहेत. शहरातल्या रस्त्याला काठ असतो, मला वाटलं. माणसाने कुठं चालायचं ते रंगवून ठेवलेलं असतं.

*

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळण असते. दुसऱ्या दिवशी बैल सजतात, मिरवतात, तो थाट सगळ्यांना माहीत असतो. पण मला आदला दिवस जास्त आवडतो. बैलांना धुऊन आणतात, जू बाजूला ठेवलेलं असतं, आणि ज्या खांद्यावर वर्षभर जू बसतं तो खांदा कोमट पाण्याने पुसून हळद आणि तूप लावून चोळतात. पळसाच्या पानाने शेकतात. मग त्यांच्या कानाशी म्हणायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' लहानपणी मला वाटायचं की बैल ते ऐकून मान हलवतात. अजूनही वाटतं.

गोठ्यात उजेड पिवळसर होता. आबा थोरल्या बैलाचा खांदा चोळत होते. जू बसतं तिथली कातडी घट्ट होऊन तिला घट्टा पडलाय, केस गेलेत. त्यावर आबांची बोटं गोल गोल फिरत होती आणि बैलाचे डोळे अर्धे मिटले होते. मी हळदीची वाटी धरून उभी होते. आप्पा धाकट्या बैलाचे पाय पुसत होते.

"काल तुपल्या मायनं सांगितलं," आबा म्हणाले. "काय गं, रस्त्याला बी खांदा आसतो म्हणं?"

मी आप्पांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. "व्हय आबा. इंग्रजीत. साईडपट्टीला."

"मंग त्याची खांदमळण कोण करतं?"

मला हसू आलं. आबासुद्धा हसले, मग खोकले. "न्हाय, खरंच इचारतो. एवढं वझं त्याच्यावरून जातंय. उसाचे ट्रक, कंपन्यांचे कंटेनर. आन खांदा सगळा सोलून काढलाय त्यानी. बैलाचा खांदा आसा सुजला आस्ता तर मी जुंपला नस्ता."

"आबा, नका त्या गोष्टी काढू," आप्पा म्हणाले.

"कोणत्या?"

"खांद्याच्या."

आबांनी हात थांबवला. बैलाने डोळे उघडले, पुढे काय म्हणून.

"तू त्याला खांदा दिला ते बरं केलं," आबा म्हणाले. "शेजारी व्हता. पर खांदा काय मेल्यालाच देत्यात व्हय रं? ही पोरगी चालत नव्हती तवा हिला खांद्यावर घेऊन फाट्यावर कोण न्यायचा? पोलिओचा डोस पाजायला? मी म्हणलो गाडी जुंपतो, तर म्हणला नगं, मी नेतो. त्याच रस्त्यानं गेलता ना तू?"

 आप्पांनी माझ्या हातातल्या वाटीत बोटं बुडवली आणि धाकट्या बैलाच्या खांद्याला हळद लावू लागले. खूप वेळ लावत राहिले.

मला तो डोस आठवत नाही. पण एक गोष्ट आठवते, आणि ती आठवण आहे की कुणी सांगितल्यामुळे तयार झालेली, मला नक्की सांगता येत नाही. माझ्या हनुवटीखाली तेल लावलेले केस आहेत. माझे दोन्ही पाय कुणीतरी घट्ट धरलेत. आणि मला कपाशीच्या वरून सगळं दिसतंय, एवढं लांबपर्यंत, की रस्ता आभाळात शिरतोय. इंग्रजी वाक्यातला तो माणूस, खांद्यावर उभा राहून वाट बघणारा, मला तेव्हा पुन्हा आठवला. वाटलं, मी चुकीचं लिहिलं होतं, पण अगदीच वेड्यासारखं नव्हतं.

चाचांची घुंगरं मी थोरल्या बैलाच्या कानाशी वाजवली आणि त्याला निरोप सांगितला. आबा म्हणाले, "उर्दूत सांग, त्याला उर्दू कळतं. त्याचा पहिला मालक शहरातला व्हता."

*

पोळा झाला. आप्पा काहीच म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. विचारलं की उत्तर येईल, अशी भीती होती.

बोलायच्या दिवशी सकाळी निघताना आई दारापर्यंत आली. रोज म्हणते तेच म्हणाली, "कडंनं जा गं." कॉलेजात पोचल्यावर मी कार्यालयात जाऊन पासाच्या अर्जावर शिक्का मारून घेतला. का, ते मला सांगता येणार नाही. उपयोग झाला नसता तर पुस्तकातच राहिला असता.

वर्गासमोर उभी राहिले आणि पाठ केलेलं इंग्रजी पहिल्या दोन वाक्यांनंतर गेलं. सरांनी "मराठीत बोल" म्हटलं. मी बोलले. जुना शब्द, डोंगराचा खांदा, बाटलीचा खांदा, हाडाचं फावडं. मूळ नक्की माहीत नाही, हेही सांगितलं, आणि तसं शब्दकोशातच लिहिलंय म्हणून दोनदा सांगितलं, म्हणजे मी शोधलं नाही असं कुणाला वाटू नये. खांदमळणीचं सांगितलं. आबा म्हणाले ते सांगितलं. मागचा दहीहंडीवाला पोरगा हसला नाही. त्याच्याही घरी बैल आहेत, ते मला नंतर कळलं.

"छान," सर म्हणाले. "आणि आपण मराठीत याला काय म्हणतो?"

"साईडपट्टी," मी म्हणाले.

आता मात्र सगळे हसले, सरसुद्धा. "म्हणजे त्यांच्याकडे खांदा, आणि आपल्याकडे इंग्रजी!" ते म्हणाले. मी जागेवर येऊन बसले. मैत्रिणीने बाकाखालून माझा हात दाबला.

परतीच्या बसमध्ये पुन्हा खिडकी मिळाली. ऊन तिरपं झालं होतं, कपाशीवरून पिवळं पिवळं सरकत होतं. डोळे जड होत होते. झोप आणि जाग यांच्या मध्ये कुठेतरी आईचा सकाळचा आवाज आला, कडंनं जा गं, आणि मी दचकून सरळ बसले. साईडपट्टी नाही. कड. आम्ही कडच म्हणतो. आई रोज म्हणते, म्हणून तो शब्द आहे हेच माझ्या लक्षात नव्हतं. आणि लेकराला कमरेवर घेतात त्याला काय म्हणतात? कडेवर घेणं. ती कड आणि ही कड एकाच मुळातल्या आहेत का, मला माहीत नाही, शोधायला हवं. पण असल्या तर इंग्रजीवाल्यांनी रस्त्याला खांदा दिला आणि आपण कंबर दिली. दोन्हीकडे लेकरं बसतात.

बसमध्ये ओळखीचं कुणी नव्हतं. नाहीतर मी सांगितलं असतं.

*

फाट्यावर उतरले तर आप्पा उभे होते. कंपनीचे कपडे, हातात डबा.

"तुम्ही इथं?"

"फस्ट शिफ्ट हाय."

"तुमची बस तर कवाच आली आसंल."

"आली की." त्यांनी माझी पिशवी घेतली. "चल."

ते डांबराच्या बाजूने झाले आणि मला शेताच्या बाजूला घेतलं. "आतून चाल." मागून ट्रक आला. त्यांनी मागे न बघता हात आडवा धरला, ट्रक गेला, त्यांच्या पायावर चिखल उडाला. आम्ही पुढे निघालो. थोड्या अंतरावर मुरूम नवीन टाकलेला होता, लाल, अजून न दाबलेला. त्यावर पाय मऊ पडत होता.

"झालं का भाषण? सोल्डरवर?"

"शोल्डर."

"तेच ते. हासले का?"

"थोडे."

"हासू दे." मग जरा वेळाने म्हणाले, "सोल्डर बी काय वाईट नाय. दोन तारा जोडत्यात."

मी त्यांना कडेचं सांगितलं. बसमध्ये सुचलेलं सगळं, घाईघाईने, मध्येच अडखळत. ते ऐकत होते. खडीचा ढीग आला तेव्हा त्यांनी मला थांबवलं, स्वतः वर चढून मागचा रस्ता बघितला, मग खूण केली. ढीग मागे पडल्यावर म्हणाले, "तुपली माय मला बी सांगती सकाळी. कडंनं जा म्हणून. एवढ्या वर्षांत एक दिवस चुकली नाय."

"व्हय."

"पास कवा संपतो?"

माझे पाय थांबले. "परवा."

"शिक्का?"

"आणलाय. पण तुम्ही नाय म्हणला आसता तर..."

"इचारत कामून नाय मंग?" ते पुढेच चालत होते. "पुढच्या हप्त्यात मला सेकंड शिफ्ट. तवा आबा येत्याल फाट्यावर. कालच बोललो त्यांच्याशी. ते म्हणले, बैलगाडी घेऊन येतो. मी म्हणलो, नगं, ट्रकवाले घाबरत्याल."

मला हसू आलं आणि रडूही. सूर्य मागे होता. आमच्या सावल्या पुढे मुरमावर पडल्या होत्या, माझी आतल्या बाजूला, त्यांची बाहेरच्या. पिशवी त्यांनी डाव्या खांद्यावर टाकली होती. तिचा पट्टा धरलेल्या बोटांकडे मी बघत होते. नखांच्या कडांना अजून हळद होती.

"मागून यायलंय काही," ते म्हणाले. "कडंनं हो."